चुंबीच्या वाटेने पारो

लगाम ढिला सोडा. चढावर पाय कुठे टाकायचा हे घोड्याला तुमच्याहून बरं कळतं. १९५८चा सप्टेंबर अर्धा सरला आहे आणि तुम्ही नथू लाच्या खिंडीत पोचला आहात, चौदा हजार फुटांहून उंच. गंगटोकहून वर येणारा गाडीरस्ता मागे राहिला. इथे दोन वाक्यं सलग बोललं तरी धाप लागते, म्हणून सगळे गप्प आहेत. आवाज येतो तो खेचरांच्या गळ्यातल्या घंटांचा आणि वाऱ्यावर फडफडणाऱ्या पताकांचा. पाठीशी सिक्कीम आहे. पुढे धुक्यात उतरत गेलेली दरी चुंबीची. ती तिबेटची, आणि तिबेट आता चीनच्या ताब्यात आहे.

तुमच्या पुढे थोड्या अंतरावर घोड्यावर ताठ बसलेला माणूस पाहा. दोन महिन्यांनी त्याला एकोणसत्तर वर्षं पूर्ण होतील. जवाहरलाल नेहरू भूतानला निघाले आहेत. सोबत मुलगी इंदिरा. वाट अशी की कुठे घोडा, कुठे याक, कुठे आपलेच पाय. देशाचा पंतप्रधान शेजारच्या राजाला भेटायला असा डोंगर चढून जातो आहे हे तुम्ही डोळ्यांनी पाहताय, म्हणून खरं वाटतं.

या सगळ्या प्रवासाची घडी ज्याने बसवली तो माणूसही याच तांड्यात आहे आणि तो आपल्या मुलखातला आहे. आप्पासाहेब पंत, औंधच्या राजांचे चिरंजीव. गंगटोकला राहून ते सिक्कीम, भूतान आणि तिबेट या तिन्ही ठिकाणचं भारताचं काम पाहतात. त्यांचं औंध लक्षात ठेवा, पारोत त्याची आठवण लागेल. सातारा, सोलापूर, विजापूरच्या परिसरात तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेलं ते संस्थान, गावं सगळी मिळून बहात्तर. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने तिथल्या राजाने कारभार आपण होऊन प्रजेच्या हाती दिला. आणि १९४८ साली ते संस्थानच मुंबई प्रांतात विलीन झालं. लहान राज्य म्हणजे काय, चारी बाजूंनी मोठी सत्ता असणं म्हणजे काय, हे आप्पासाहेबांना कोणत्याही पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

उतार लागतो. सूचिपर्णी झाडी सुरू होते, हवा ओलसर होते. समोरून लोकरीच्या गाठी लादलेला खेचरांचा तांडा येतो आणि तुम्हाला कड्याच्या बाजूला उभं राहून त्याला वाट द्यावी लागते. तांडेवाला तिबेटी आहे, मोडकंतोडकं हिंदी बोलतो.

"कुठे निघालात?"

"पारोला."

"तांदूळ चांगला तिथला. लाल तांदूळ. आमचं मीठ तिकडे जातं, त्यांचा तांदूळ इकडे येतो. माझा बाप हेच करायचा, आजा हेच करायचा."

"आणि तुझा मुलगा?"

तो खाली दरीकडे पाहतो. तिथे खाकी कपड्यातले चिनी शिपाई उभे आहेत. तो उत्तर देत नाही, खेचराला हाक मारून पुढे निघतो.

तुमच्या मनात आलं असेल की दिल्लीहून भूतानला जायला तिबेटातून कशाला जायचं? भूतान तर बंगाल-आसामला लागून आहे. खरं आहे, पण १९५८ साली भूतानात गाडीरस्ता नाही. दक्षिणेकडून, म्हणजे बंगालच्या सपाटीवरून चढायचं तर आधी सालवृक्षांचं दाट जंगल, त्यात जळवा आणि हिवताप, मग सरळ उभे कडे. खेचराने पाच-सहा दिवस. त्या मानाने चुंबीची वाट सोपी. म्हणजे भारताच्या पंतप्रधानाला आपल्या सगळ्यात जवळच्या शेजाऱ्याच्या दारात पोचायचं तर तिसऱ्याच्या अंगणातून जावं लागतं, आणि तो तिसरा कधी फाटक लावून घेईल याचा भरवसा नाही. दरीतल्या यातुंग गावी चिनी अधिकारी नेहरूंचं रीतसर स्वागत करतात. दलाई लामांनी नेहरूंना ल्हासाला बोलावलं होतं. ती भेट मात्र चीनने होऊ दिलेली नाही. चहा पिताना हे दोन्ही तुम्हाला ठाऊक असतं, म्हणून तो नीट गिळवत नाही.

मग पुन्हा चढ, पुन्हा खिंड, आणि भूतान.

पारोचं खोरं पहिल्यांदा दिसतं ते वरून. मधून नदी, दोन्ही काठांना पिवळी पडू लागलेली भातशेती, आणि चढावर पांढऱ्या भिंतींचा तो प्रचंड जोंग, अर्धा किल्ला आणि अर्धा मठ. खाली उतरलात की दिसेल, इथे वीज नाही. टपाल तिकीट नाही. स्वतःच्या नोटा नाहीत. जिथे पैसा चालतो तिथे भारताचा रुपया, बाकी धान्याच्या बदल्यात लोणी आणि लोण्याच्या बदल्यात कापड. तुमच्या पुढ्यात लाल भात येतो आणि त्यावर चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्या. मिरची इथे फोडणीला नसते, तीच भाजी असते. कोल्हापूरच्या माणसाच्याही डोळ्यांत पाणी यावं असं जेवण आहे. यजमान हसतात आणि लोणी घातलेला खारट चहा पुढे करतात.

राजे जिग्मे दोर्जी वांगचुक तिशीचे आहेत. त्यांनी गादीवर बसल्या बसल्या राष्ट्रीय सभा स्थापन केली, गुलामीसारख्या जुन्या प्रथा मोडायला घेतल्या. त्यांना रस्ता हवा आहे, शाळा हव्या आहेत, दवाखाने हवे आहेत. पण त्यांच्या दरबारातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात एक धास्ती आहे, आणि ती तुम्ही समजून घ्या. आजवर या देशाला वाचवलं कोणी? त्याच्या दुर्गमतेने. ज्या रस्त्याने डॉक्टर येईल त्याच रस्त्याने फौजही येईल. उत्तरेला तिबेटचं काय झालं ते ताजं आहे. दक्षिणेला पाचशेहून अधिक संस्थानं भारतात विलीन झाली तेही ताजं आहे. आणि १९४९च्या दार्जिलिंगच्या करारात भूतानने लिहून दिलं आहे की परराष्ट्र व्यवहारात तो भारताचा सल्ला मानून चालेल. आज सल्ला, उद्या काय?

२३ सप्टेंबर. पारोत सभा भरली आहे. रंगीत घो आणि किरा नेसलेले लोक गवतावर बसले आहेत, भिक्षूंच्या गडद लाल ओळी आहेत, मुलं मोठ्यांच्या मांडीवर. तुम्ही मागच्या बाजूला जागा धरा.

नेहरू बोलायला उभे राहतात आणि जी गोष्ट लोकांच्या मनात आहे पण ओठांवर नाही, तीच आधी बोलतात. भारत मोठा आणि बलवान, भूतान लहान, म्हणून भारत आपल्यावर दाब आणू पाहील असं कोणाला वाटू शकतं, असं ते म्हणतात. मग स्पष्ट करतात की आमची इच्छा एवढीच आहे, तुम्ही स्वतंत्र देश म्हणून राहावं, आपल्या पद्धतीने जगावं आणि आपल्या मर्जीने प्रगतीची वाट धरावी. दुभाष्या ते सांगत जातो तशी गर्दीतून हलकी हालचाल होते.

आता आप्पासाहेबांकडे पाहा. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला सांगता येणार नाही, पण दहा वर्षांपूर्वी ज्याचं स्वतःचं छोटं राज्य मोठ्या देशात मिसळून गेलं, तोच माणूस आज एका छोट्या राज्याला सांगणाऱ्या देशाचा प्रतिनिधी आहे की तुम्ही तुमचेच राहा. औंधच्या बाबतीत विलीनीकरण योग्य होतं, भूतानच्या बाबतीत स्वातंत्र्य योग्य होतं. या दोहोंतला फरक ओळखणारी माणसं तेव्हा आपल्याकडे होती, याचा मला अभिमान वाटतो.

मोठ्या देशांचे मोठे करार पुष्कळ वाचले, पण माझ्या मते भारत आणि भूतानची भागीदारी त्या गवतावर सुरू झाली. पैसा नंतर आला. आधी शब्द दिला गेला, तोही दारात जाऊन.

आता काळ जरा भराभर सरकू द्या. १९५९च्या मार्चमध्ये ल्हासात उठाव होतो, दलाई लामा भारतात येतात. दुसऱ्या वर्षी भूतान तिबेटशी व्यापार थांबवतो. मीठ-तांदळाची ती वाट, आजा-पणजापासूनची, बंद पडते. तो तांडेवाला, त्याचा मुलगा, त्यांचं काय झालं असेल कोण जाणे. उत्तरेचं दार लागलं म्हटल्यावर दक्षिणेचं उघडणं भाग होतं.

म्हणून १९६१ साली तुमच्या हातात घण आहे. फुंतशोलिंगच्या वर, कड्याला चिकटून, तुम्ही दगड फोडताय. सीमा रस्ते संघटनेने 'दंतक' नावाचा प्रकल्प काढला आहे, त्यातला हा रस्ता थिंफूला जायचा, पावणेदोनशे किलोमीटर. सुरुंगाची शिट्टी वाजली की पळायचं, धूळ बसली की परतायचं. तुमच्या गँगमध्ये भारतीय जवान आहेत, नेपाळी बोलणारे मजूर आहेत, घरटी माणूस द्यायचा म्हणून आलेले भूतानी शेतकरी आहेत. पाऊस लागला की काल कापलेली वाट आज दरडीखाली असते. कधी वाटेबरोबर माणूसही. भूतानातल्या रस्त्यांवर पुढच्या दशकांत 'दंतक'ची हजाराहून अधिक माणसं गेली. त्याच १९६१मध्ये भूतानची पहिली पंचवार्षिक योजना सुरू होते आणि तिचा खर्च भारत उचलतो, दुसरीचाही. १९६२मध्ये थिंफूपर्यंत गाडी पोचते. जिथे सहा दिवस लागायचे तिथे एक दिवस.

ज्या हाताने सल्ला मानण्याचं कलम लिहून घेतलं होतं, त्याच हाताने भारताने १९७१ साली भूतानला संयुक्त राष्ट्रांत जायला मदत केली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला, लढाई चालू असताना, भूतान आणि भारत यांनी एकाच दिवशी बांगलादेशाला मान्यता दिली. जगातले ते पहिले दोन देश.

तुम्ही आता एका बोगद्यात आहात. भिंतींतून पाणी ठिबकतंय. साल १९८६, जागा चुखा, आणि डोक्यावरून कुठूनतरी वांगछू नदी वळवून आणली आहे. हीच नदी पुढे बंगालात उतरली की रायडाक होते आणि ब्रह्मपुत्रेला मिळते. १९७४च्या कराराने भारताने हा ३३६ मेगावॉटचा प्रकल्प बांधून दिला: साठ टक्के अनुदान, चाळीस टक्के कर्ज, आणि भूतानला लागेल ती वीज ठेवून उरलेली भारताने विकत घ्यायची. जनित्र फिरू लागतं तेव्हा पायाखालची फरशी थरथरते. ज्या देशात अठ्ठावीस वर्षांपूर्वी वीज नव्हती तो देश आज वीज विकणार आहे. पावसाळ्यात नद्या भरल्या की वीज दक्षिणेला जाते. हिवाळ्यात नद्या रोडावल्या की भारताकडून उत्तरेला येते. चुखामागून त्याच नदीवर ताला आलं, १०२० मेगावॉटचं. मग मांगदेछू, ७२० मेगावॉट.

पण इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. चुखाचं साठ-चाळीस पुढे राहिलं नाही. मांगदेछूत अनुदान तीस टक्क्यांवर आलं आणि कर्ज सत्तरवर गेलं. पुनात्सांगछू एकच्या धरणाच्या जागी डोंगरच सरकू लागला, काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, खर्च फुगत गेला. डोंगराचा दोष कोणाला द्यायचा? पण लहान देशाच्या वहीत कर्जाचा आकडा मोठा दिसतो, आणि मोठ्या शेजाऱ्याने तो त्याच्या वहीतून वाचायला शिकलं पाहिजे.

आणखीही एक ठसठसतं. नव्वदच्या दशकात जवळपास लाखभर नेपाळीभाषक लोक भूतानातून बाहेर पडले. बहुतेकांना बाहेर काढलं गेलं. भारताच्या भूमीवरून ते नेपाळच्या झापा आणि मोरंगमधल्या छावण्यांत गेले आणि बांबूच्या झोपड्यांत वीस-वीस वर्षं राहिले. भारत गप्प बसला. मैत्रीत सगळं बोलता येत नाही हे मान्य, पण त्या माणसांसाठी कोणी बोलायला हवं होतं.

१५ डिसेंबर २००३. कडाक्याची थंडी आहे आणि तुम्ही दक्षिण भूतानच्या जंगलात भूतानी शिपायांच्या मागे चालताय. या जंगलात आसाम आणि उत्तर बंगालच्या बंडखोर संघटनांचे तीस तळ आहेत: उल्फा, एनडीएफबी, केएलओ. इथून खाली उतरायचं, आसामात हल्ले करायचे आणि परत इथे येऊन लपायचं. भूतान सरकारने वर्षानुवर्षं त्यांच्याशी बोलणी केली, निघून जा म्हणून विनवलं. भूतानी फौज किती, तर मूठभर. तिने आधुनिक काळात अशी मोहीम कधी केलेली नाही. तरी चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः मोहिमेत उतरले आहेत. सीमेपलीकडे भारतीय सैन्याने नाकेबंदी केली आहे, पण या बाजूला लढणारे भूतानी आहेत. काही दिवसांत तळ उद्ध्वस्त होतात. भूतानी जवान मरतात.

थिंफूहून पुनाखाला जाताना दोचुलाची खिंड लागते, तिथे राणीमातेने बांधलेले १०८ छोर्तेन, म्हणजे स्तूप, आहेत. ते या मोहिमेच्या स्मरणार्थ. पर्यटक तिथे फोटो काढतात. कशाचे फोटो आहेत हे पुष्कळांना माहीत नसतं. शेजाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी, आणि अर्थात स्वतःच्याही, एका छोट्या देशाने आपली मुलं पाठवली होती. नंतर २००७च्या नव्या करारातून सल्ल्याचं ते जुनं कलम निघालं आणि एकमेकांच्या भूमीचा वापर एकमेकांविरुद्ध होऊ द्यायचा नाही हे लिहिलं गेलं. भूतानने ते लिहिण्याआधीच करून दाखवलं होतं.

जुलै २०१३. थिंफूतलं एक स्वयंपाकघर. सिलिंडर संपत आलाय आणि बाई शेगडीची ज्योत बारीक करते. निवडणूक तोंडावर आहे आणि भारताने गॅस व रॉकेलवरची सवलत एकाएकी थांबवली आहे. दर दुपटीहून वर गेला. बाई काही राजकारणी नाही, पण ती विचारते तेच साऱ्या गावात विचारलं जातंय: आम्ही चीनशी हात मिळवला म्हणून ही शिक्षा? दिल्लीने कारण वेगळं सांगितलं, सवलत पुढे परतही आली. पण त्या ओट्यापाशी उभं राहून तुम्हाला पारोचं गवत आठवलं तर ते साहजिक आहे. ५५ वर्षांपूर्वी तिथे नेमका हाच संशय बोलून दूर केला होता. मला हा निर्णय चूक वाटतो, आणि भूतान लहान आहे म्हणून ती चूक लहान होत नाही.

चार वर्षांनी, २०१७च्या जूनमध्ये, चुंबीच्या त्याच दरीच्या टोकाला डोकलामच्या पठारावर चीन रस्ता करू लागतो. पठार आपलं असल्याचा भूतानचा दावा आहे. तिथून खाली सिलिगुडीची चिंचोळी पट्टी, जिच्यावर आपली ईशान्येची सगळी वाहतूक अवलंबून. भारतीय जवान पुढे होतात आणि ७३ दिवस दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या राहतात. १९५८ साली घोड्यावरून ही दरी ओलांडताना पंतप्रधानाने जे पाहिलं असेल, ते सगळ्या देशाने त्या पावसाळ्यात नकाशावर पाहिलं. आणि त्या ७३ दिवसांत सगळ्यात अवघड जागी भूतान होता. तो डगमगला नाही.

आता पुन्हा पारो. २० जानेवारी २०२१. त्याच खोऱ्यात, जिथे खेचरांच्या घंटा ऐकल्या होत्या, तिथे आता धावपट्टी आहे. मुंबईहून आलेलं विमान उतरतं आणि त्यातून पुण्यात बनलेल्या कोविशील्डच्या पेट्या बाहेर येतात. दीड लाख मात्रा. भारताने परदेशांना लस पाठवायला सुरुवात केली ती याच दिवशी. आणखी मात्रा मिळाल्यावर भूतानने थोड्याच दिवसांत आपल्या जवळपास सर्व प्रौढांना पहिला डोस दिला. मग भारतात करोनाची दुसरी लाट आली, निर्यात थांबली, आणि भूतानला दुसऱ्या डोससाठी अमेरिका, डेन्मार्क अशा देशांकडे पाहावं लागलं. आपल्याकडे तेव्हा स्मशानं पेटलेली होती, त्यामुळे दोष द्यायला मन धजत नाही. तरी पहिल्या दिवशी पहिली आठवण शेजाऱ्याची झाली, हे भूतान विसरलेला नाही.

आता उतरा, आपल्या काळात या. महाराष्ट्रातून पुष्कळ जण हल्ली भूतानला जातात. पारोचा मठ, थिंफूचा बाजार, सगळं पाहून येतात. तुम्ही गेलात तर विमानाने न जाता एकदा फुंतशोलिंगवरून गाडीने चढा. वाटेत वळणावर 'दंतक'च्या माणसांचं स्मारक दिसलं की ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगा. खाली उतरा आणि दोन मिनिटं तिथे उभे राहा. तो रस्ता तुमच्या-आमच्या घरच्या माणसांनी आणि त्यांच्या घरच्या माणसांनी मिळून फोडला आहे.